उन्हात नेलेला फोन

गंगाक्का कुठलीही वस्तू दुकानात बसून पसंत करत नसे. उचलायची आणि सरळ रस्त्यावर, उन्हात न्यायची. नवऱ्यामागं शाहूपुरीतलं लुगड्यांचं दुकान तिनंच चालवलं. "दिव्याखाली समदीच लुगडी चांगली दिसत्यात," असं ती स्वतःच्या गिऱ्हाइकालाही सांगायची. मी शेजारीण, त्यामुळं तिच्या प्रत्येक खरेदीला माझी पायपीट ठरलेली.

थ्रीजी नुकतं आलं होतं तेव्हा तिनं फोन घ्यायचं काढलं. लेक अमेरिकेत बाळंत झाली होती. अक्काचं काळीज दुबळं, डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलेलं. लेक बाळाचे फोटो नेटवर टाकणार होती आणि बारसं चालू असतानाच फोनवर दाखवणार होती. नात बघायची तर तेवढीच वाट.

दुकानं हिंडलो. एका फोनचा पडदा तळहाताएवढा. आत बसून बघितलं तर नेटवरचं पान अख्खं दिसे, हलतं चित्रही स्वच्छ. अक्कानं तो उन्हात नेला आणि त्यात तिला स्वतःचंच तोंड दिसलं. "आरसा हाय माझ्या घरात," म्हणून तिनं परत केला. दुसऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा. पान तुकड्यातुकड्यानं वाचायचं, पण उन्हात अक्षर ठळक. दुकानदार म्हणाला, मावशी, व्हिडिओ बघायचा तर मोठाच घ्या. मीही तेच म्हटलं. माझे पाय दुखत होते, कुठला तरी घ्यावा आणि घरी जावं. तिनं लहानच घेतला.

बारशाच्या वेळी तिकडं संध्याकाळ, इकडं सकाळ. आम्ही सोप्यात बसलो. पडद्यावर पाळण्याभोवती बायकांची गर्दी, आणि पाळणा शेंगदाण्याएवढा. अक्का उठून अंगणात, उन्हात गेली. रंग उठले, पण शेंगदाणा शेंगदाणाच राहिला. कुणीतरी बाळाला उचललं आणि चित्र तिथंच अडकलं.

"नाक कुणासारखं हाय गं?" तिनं मला विचारलं.

"मला न्हाय दिसत, अक्का."

ती पायरीवर बसली. फोन मांडीवर ठेवून म्हणाली, "लुगडं उन्हात मिरवायचं असतंय. ह्ये घरात बसून बघायचं हुतं की."

लेकीनं मोठा फोन पाठवते म्हटलं. अक्कानं सांगितलं, "फोन नगं. पोरीलाच आण."

लेक आली, पण अक्का गेल्यावर. पोरगी तोवर चालायला लागली होती. माझ्या दारात येऊन उन्हात उभी राहिली. नाक अक्काचंच, बसकं. लांबूनही स्वच्छ दिसत होतं.