नाव तेवढं बदललं

दहिसरला नदीच्या अंगाला जी चाळ होती, तिथे मालन खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली आणि जेवायला चौदा माणसं. सगळी कोकणातली, ब्याऐंशीच्या संपात गिरणीबाहेर फेकली गेलेली. आता कुणी बोरिवलीला वॉचमन, कुणी हमाल, बायकापोरं गावी. ही माणसं जेवत होती म्हणून मालनच्या घरात चूल पेटत होती, कारण नवरा धोंडू संपानंतर जो घरी बसला तो बसलाच.

पंच्याऐंशी साली मृणालिनी नावाची बाई आली. कुठल्याशा संस्थेची, संपानंतर बायकांचं काय झालं त्याचा अभ्यास करणारी. खांद्याला झोळी, झोळीत टेपरेकॉर्डर, आणि बोलणं असं गोड की विचारू नका. चार दुपारी ती मालनबरोबर लसूण सोलत बसली. तुमचं नाव कुठ्ठेही येणार नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. मालनला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं हो! तिला भरून आलं आणि देवाजवळही बोलली नव्हती ते ती बोलून गेली. संप चालू असताना, घरात तांदळाचा दाणा नव्हता तेव्हा, धोंडू तीन आठवडे चोरून कामावर गेला होता. मालकाच्या बंद गाडीतून, तोंडाला रुमाल बांधून.

सहा महिन्यांनी पुस्तिका छापून आली. नाक्यावरच्या वाचनालयातून ती कुंडलिकने आणली. हा पंगतीतला सगळ्यात जुना माणूस. संपात बायको औषधाविना गेली, तरी त्याने गिरणीचं फाटक ओलांडलं नव्हतं. पानं वाढेपर्यंत तो मोठ्याने वाचू लागला. राधा, नाव बदललेले आहे. दहिसर, नदीकाठची चाळ. चौदा जणांची खानावळ, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं, डाव्या पायाने लंगडते. आणि मग ते तीन आठवडे.

आता सांगा, दहिसरात अशा राधा किती असणार? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. डोंबलाचा अभ्यास!

कुंडलिक वाचायचा थांबला, ताट सरकवून उठला. मागोमाग बाकीचे. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर मालनला बरं वाटलं असतं. धोंडू भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी चौदातला एकही जेवायला आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्याने मृणालिनी पुस्तिकेची एक प्रत भेट द्यायला आली. झाला प्रकार ऐकून तिचा चेहरा उतरला. पण आम्ही नाव बदललं होतं, नियमाप्रमाणे, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आणि मग, लाज कशी वाटली नाही कुणास ठाऊक, तिचा हात झोळीत गेला आणि टेपरेकॉर्डर बाहेर आला. माणसं सोडून गेली त्याबद्दलही थोडं सांगाल का, म्हणाली.

मालनला शिसारी आली. त्या गोड बोलण्याची, त्या यंत्राची, त्याच्यापुढे भडाभडा बोललेल्या स्वतःच्या तोंडाची. तिने टेपरेकॉर्डर उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला.

"बाय, ह्या चाळीत मला सगळे मावशी म्हणतात," ती म्हणाली. "नवरासुद्धा 'अगो' म्हणूनच हाक मारतो. मालन कोण, ते इथे कुणाला ठाऊक नाही. तेवढं एक खरं छापून बाकीचं बदललं असतंस, तर माझी माणसं आज जेवायला आली असती."