सुधाकररावांचा हुंकार

गुडीहत्नूरच्या बाजारात सुधाकरराव भाजी विकत. पण गावात कुणी गोष्ट सांगायला बसलं, की हुंकार द्यायला तेच लागत. समोरचा बोलतोय आणि आपण मुके बसलो, तर त्याचा अपमान होतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

नवा मोबाइल हप्त्यांवर घेतला, त्याच्या तिसऱ्या दिवशी हप्तेवाल्या कंपनीच्या बाईचा फोन आला. फोन फुटला तर दुरुस्ती, सोबत सिनेमे, गाणी आणि खेळ, असं ती हिंदीत गोड आवाजात सांगत गेली. सुधाकरराव प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणत गेले. घ्यायचं की नाही, ते लेकीला विचारून ठरवू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

महिन्याभराने खात्यातून हप्त्यासोबत त्या योजनेचेही पैसे कापले गेले.

“बाबा, काऊन घेतलं हे?” रुपा कडाडली. “दुरुस्तीचे पयले काही पैसे त आपल्यालेच भरा लागते. अन् सिनेमे कोन पाह्यते?”

“मी त घेतलंच नाही, माय.”

रुपाने स्पीकर लावून कंपनीला फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे रेकॉर्डिंग ऐकवलं. हं. हं. हं. आवाज सुधाकररावांचाच होता.

“बंद करा ते सगळं,” रुपा म्हणाली.

“करतो ना. त्याआधी घरातल्या टीव्ही-फ्रिजसाठी एक नवी योजना आलीय, तेवढी ऐकून घ्या. हे संभाषण रेकॉर्ड होत आहे.”

रुपा फोनवर झडप घालेपर्यंत त्याचं पहिलं वाक्य संपलं होतं.

“हं,” सुधाकरराव म्हणाले.