कन्याकुमारीचा वारा

“महाराज, भरीत कोठे शे? बठ्ठी बस उपाशी शे!” देवपूरच्या अक्का कन्याकुमारीला अशा कडाडल्या, की पलीकडे श्रीलंकेतही कुणीतरी घाबरून ताट वाढलं असेल.

महाराज म्हणजे आमच्या यात्रेच्या बसचा आचारी. यंदा मी त्याच्याच हातचं खात काश्मीर, दार्जिलिंग, उटी पालथी घातली. आम्ही खानदेशी स्वर्गात गेलो तरी भरीतच मागणार. म्हणून टपावर आमच्या बॅगांपेक्षा वांगी भाजायच्या कपाशीच्या काड्याच जास्त. गावं तो डाळीवरून ओळखायचा. “काश्मीर ना भाऊ? दोन तास शिजत नाही,” असं मान वर न करता, कांदा चिरत सांगायचा.

त्या संध्याकाळी मात्र, अक्का ओरडायच्या आधी, तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यापुढे उभा होता. “भाऊ, समुद्र कधी पाहिला नाही. सूर्यास्ताला येऊ का तुमच्यासोबत?” मी ‘चला’ म्हणालोही होतो.

पण ती हाक आली आणि मीच म्हणालो, “आधी भरीत होऊ द्या, महाराज. समुद्र काय पळून जातो?”

त्याने शर्ट काढला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि धर्मशाळेच्या मागे जाळ पेटवायला बसला. पहाटे अंधारातच बस निघाली.

परवा धुळ्यात आम्ही सगळे जमलो. मी सूर्यास्त असा रंगवला, की सूर्य दोनदा बुडाला. टाळ्या ओसरल्यावर, पंगतीत वाढणाऱ्या त्याला विचारलं, “महाराज, तुम्हाला कशी वाटली कन्याकुमारी?”

“वारा फार, भाऊ. जाळ धरत नाही.”