अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे

सुहासिनी गद्रे टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजच्या क्रीडा विभागात सेक्रेटरी होती. पण तिच्या मते तिला पगार टायपिंगचा नव्हताच, दोन पुरुषांचे रुसवे काढण्याचा होता. खुर्चीने मोठे होते क्रीडा संचालक व्हिटलो. मात्र फुटबॉलच्या कोच डॉबिन्सनी गेल्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, दहातले नऊ सामने जिंकले होते. त्यामुळे कोच केबिनमध्ये शिरले की साहेबच उठून उभे राहत. सही साहेबांची आणि जिमची किल्ली कोचची, असा सगळा कारभार. दोघांत महिनाभर अबोला होता. निरोप सुहासिनीमार्फत जात.

तिला याची गंमतच वाटे, ती त्या सप्टेंबरपर्यंत. तिथल्या मराठी मंडळाचा पहिला गणेशोत्सव रविवारी कॉलेजच्या जिममध्ये ठरला होता. साहेबांची सही झाली होती, लांबच्या शुगर लँड गावाहूनसुद्धा मिळून दोनशे माणसं येणार होती, बत्तीस पोरांचं लेझीम बसून तयार होतं. आणि बुधवारी पावसाने मैदानाचा पार चिखल केला.

"रविवारी सराव जिममध्ये," कोचनी जाहीर केलं आणि किल्ली खिशात टाकली.

साहेबांनी स्वतःच्या सहीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. "त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहेच," एवढंच म्हणाले. सुहासिनी अशी संतापली की तिला रडूच आलं. त्या पोरांना आता काय सांगायचं?

"कॅन्सल करू या, यार," घरी तिचा नवरा त्र्यंबक म्हणाला. "नाहीतरी मंडळात भांडणच चाललंय. नरेंद्रकाकांना समारंभाचं अध्यक्ष केलं की उल्हास रुसतो."

"मग काय करणार?"

"करायचं काय? एक अध्यक्ष, दुसरा प्रमुख पाहुणा. नेहमीचंच."

सुहासिनी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली, आणि मग जी हसत सुटली ती पोळी करपेपर्यंत. नरेंद्रकाका आणि उल्हास, दोघांचीही नावं त्या रात्रीच कार्यक्रमपत्रिकेतून गळली.

दुसऱ्या दिवशी तिने कोचना गाठलं. "प्रमुख पाहुण्यांना आम्ही शाल देतो, नारळ देतो. भाषणही त्यांचंच मुख्य."

"व्हिटलो असणार?"

"ते अध्यक्ष. शेवटी बोलतात."

कोचनी खिशातली किल्ली चाचपली. "शाल कोणाची मोठी?"

"दोन्ही एकाच मापाच्या."

"माझ्या पोरांना एक दिवस विश्रांती हवीच आहे म्हणा," कोच म्हणाले.

रविवारी जिम त्यांनी स्वतः उघडली. लेझमांनी छप्पर दणाणलं. शाल कोचच्या एकाच खांद्याला पुरली, तरी ते नवरदेवासारखे मिरवत होते. भाषण मात्र पाऊण तास थांबेना. सूत्रसंचालन करणाऱ्या सुहासिनीने सवयीने चिठ्ठी सरकवली: 'दोन मिनिटं.' ज्यांना थांबवायची कॉलेजच्या विश्वस्तांचीही छाती नव्हती, ते कोच दोन मिनिटांत खाली बसले. साहेबांचं भाषण लांबलं तेव्हा त्यांनाही तशीच चिठ्ठी गेली. तेही बसले. सुहासिनीला आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

सोमवारी सकाळी दोघं तिच्या टेबलासमोर हजर, नारळांसकट, आणि चक्क एकत्र!

"खरं सांग," साहेब म्हणाले, "मान कोणाचा मोठा? अध्यक्षांचा की पाहुण्यांचा?"

"चिठ्ठी पाठवणारीचा," सुहासिनी म्हणाली आणि तिने तळहात पुढे केला.

कोचनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी कोचकडे. मग जिमची किल्ली मुकाट्याने तिच्या हातावर आली.