कॅलेंडरखाली लटकणारं पत्रक

काशीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीशी वाकून कागद गोळा करत होती. मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डॉक्टर तेजस्वी यांचा प्राण्यांचा दवाखाना आहे. मी आमच्या मांदेलीला लस टोचायला घेऊन गेले होते. मांदेली म्हणजे आमची मांजर; रंग अगदी त्या माशासारखा पिवळा. मला वाटलं, झाडलोट चालली आहे. पण काशी प्रत्येक कागद उलगडून मांडीवर सपाट करत होती आणि निरखून पाहत होती.

"एवढं काय बघतेस त्यात?" मी विचारलं.

"घडी कुठं पडलीय ती बघतेय, बाई. लोक तिथपर्यंतच वाचतात. खालचं सगळं फुकट."

ते कागद म्हणजे डॉक्टरांनी छापून घेतलेली पत्रकं होती. गोचीड, जंत, लशी, खाणं आणि अगदी तळाशी घरची औषधं न देण्याबद्दल अशी माहिती त्यांत होती. लोक ती मुकाट्याने घेत आणि पायरी उतरताच टाकून देत. काशीचं काम खरं तर जनावर धरण्याचं. लांज्याकडच्या एका खेड्यातली, सातवी शिकलेली. नवरा केरू मुंबईत टेम्पो चालवतो. पत्रकांचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण पुढच्या वेळी गेले तर पत्रक अर्ध्या आकाराचं झालेलं, अक्षर मोठं, आणि वरच्या भोकात सुतळी ओवलेली.

"हे कॅलेंडरच्या खिळ्याला लावा," ती प्रत्येकाला सांगत होती. "घरात जपला जातो असा तेवढाच एक कागद."

मी घरी येऊन लावलं. आधी पत्रक आणि त्यावर कॅलेंडर.

गेल्या वर्षी गणपतीनंतर मांदेली मलूल झाली. कान गरम लागत होते. माझा मुलगा निलेश दर गणपतीला मुंबईहून येतो, तो औषधांची पाकिटं घेऊनच. उरलेली बिस्किटांच्या डब्यात राहतात. आमच्या आळीत असा डबा नाही असं घर नसेल. त्यातली तापाची एक गोळी मी काढली, पाव तुकडा केला आणि सायीतून तिला चाटवला. मुलांना देतात तशी. दुपारपर्यंत तिचं तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी झाल्या आणि ती तोंडाने श्वास घेऊ लागली.

डॉक्टरांनी टेबलावर घेताच विचारलं, "घरी काही दिलंत का?"

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले? मी चौतीस वर्षं शिकवलं. बाहेरच्या बाकावर माझ्या ओळखीच्या दोन घरची माणसं बसली होती. एवढंच कारण.

डॉक्टर सलाईनची तयारी करायला आत गेल्या. काशीने मांदेलीला टॉवेलात धरलं होतं. माझ्याकडे न बघताच ती बोलू लागली.

"माजी पण एक मांजर व्हती, बाई. गणपतीत केरूनं आणलेली गोळी दिली तिला. डॉक्टरांनी विचारलं तर मी नाय म्हटलं. म्हटलं, इथं काम करते आणि येवढं कळत नाय, असं म्हणतील. उतारा व्हता. वेळ पण व्हती. मी गप रायले."

मांदेलीचा श्वास घरघरत होता. मी आतल्या दाराशी गेले आणि तिथूनच सांगितलं, "डॉक्टर, तापाची गोळी दिली. पाव. सकाळी नऊ वाजता."

हातातली बाटली खाली ठेवून त्यांनी उताऱ्याची घेतली.

तीन दिवस मांदेली तिथेच होती. चौथ्या दिवशी तिने काशीच्या हातचं खाल्लं.

मी साडी घेऊन गेले, तर काशीने हात मागे घेतले. "साडी नको. पत्रक कुठं लावलंवत ते सांगा."

"कॅलेंडरच्या मागे," मी कबूल केलं.

ती खळखळून हसली. "म्हणजे माजीच चूक. सुतळी आखूड पडली. तुमचं अक्षर चांगलं हाय, नवं लिवून द्या."

आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. जहाजावरून निवृत्त झालेले माझे यजमान आत्माराम दारातून म्हणाले, "चौतीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलंस. आज घालणारी भेटली!"

पहिली ओळ झाली: 'मुंबईच्या डब्यातली गोळी मांजराला देऊ नका.' दुसरी: 'दिली असलीत तर लाजू नका. आम्हीपण दिली आहे. आल्या आल्या सांगा, पाकीट सोबत आणा.'

डॉक्टर तेजस्वी यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "काशीताई, हे आजाराच्या माहितीत बसत नाही."

"बसत नाय म्हणूनच कोण सांगत नाय, डॉक्टर," काशी म्हणाली.

डॉक्टरांनी ओळ ठेवली. सुतळी वीतभर लांब केली, म्हणजे पत्रक कॅलेंडरच्या खाली लटकतं. आता मांजर काखेत आणि गोळीचं पाकीट हातात धरून लोक दवाखान्याची पायरी चढतात. बाकावर कोण बसलंय ते पाहत नाहीत.

मांदेली हे लिहिताना माझ्या वहीच्या कोपऱ्यावर बसली आहे. तिच्यासाठी मी काशीचे आभार मानते. तिने मला खोटं ठरवलं नाही. स्वतःची गोष्ट सांगितली आणि गप्प राहिली, त्याबद्दल जास्तच.

गोळीने तिची मांजर गेल्यापासून काशीने घरात दुसरी आणली नव्हती. यंदा मे महिन्यात तिने एक पिल्लू पाळलं. ते काळं आहे, आणि तिच्या चुलीजवळ झोपतं.