‘राइज’ आणि ‘लिफ्ट’
व्याकरणाचं जुनं पुस्तक परवा झटकलं, तर खाणीची तांबडी धूळ उडाली आणि मुळगावचा तो खाणकामगार आठवला. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मी डिचोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. दरडीखाली सापडून त्याची पाठ दुखावली होती. हलकं काम मागणारा इंग्रजी अर्ज कुणाकडून तरी लिहून घेऊन तो मला दाखवायला आला. त्यात होतं, ‘आय कॅनॉट राइज.’ मी विचारलं, “तुम्हाला उठता येत नाही?” तो गोंधळला. “उठपाक जाता बाई, पूण घमेलें उखलपाक जायना.” मी म्हटलं, “म्हणजे उठता येतं, घमेलं उचलता येत नाही. राइज म्हणजे आपण स्वतः उठणं. रेज किंवा लिफ्ट म्हणजे दुसरं काही उचलणं. हे वाचून खाणवाले तुम्हाला घरीच बसवतील.” त्याचा चेहरा उतरला. मी ‘राइज’ खोडून ‘लिफ्ट’ लिहिलं, पुढे ‘जड वजन’ असं इंग्रजीत जोडलं आणि अर्ज स्वच्छ उतरवून दिला. पंधरा दिवसांनी तो सांगायला आला, गेटवर ट्रक आत सोडायचं काम मिळालं होतं. मी खुर्ची पुढे केली, तर उभ्याउभ्याच हसून म्हणाला, “नाका बाई, उबो रावतां.” त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ही क्रियापदं शिकवताना मी पुस्तकातलं सूर्य उगवण्याचं आणि झेंडा चढवण्याचं उदाहरण सोडून आधी मुलांना बाकावरून उठायला सांगायचे, मग दप्तर उचलायला.