रफू आणि ठिगळ

मावशींना जाऊन सव्वा महिना झाला. नात्याने त्या माझ्या कुणी नव्हत्या. त्यांच्या मुलाचा निळ्या रेघांचा सदरा आता माझ्या कपाटात आहे. तो सदरा मी एकदा धुतला होता आणि शिवला होता. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

गिरगावच्या एका वाडीत मी वाढले. वडील कारकून. मुलीने मास्तरीण व्हावं असं घरात सगळ्यांना वाटे. मी परळच्या रुग्णालयात परिचर्या शिकायला गेले तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना दुपारी कपडेखोलीत बसवत. फाटलेल्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे सदरे आम्ही तिथे दुरुस्त करायचो. आमच्या सिस्टर मंगळूरच्या होत्या आणि त्यांचा नियम साधा होता. भोकातून करंगळी गेली नाही तर रफू करायचं. करंगळी गेली तर कडा चौकोनी कापून ठिगळ लावायचं. रक्ताचा कपडा गार पाण्यात मीठ टाकून भिजवायचा, गरम पाण्यात कधीच नाही. परीक्षेला याचे गुण नव्हते, पण टाका वाकडा आला की सिस्टर तो दाताने तोडत.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत गिरणगावात गोळीबार झाला तेव्हा आमच्याकडे आधी लाठीने फुटलेली डोकी आली. मग अश्रुधुराने डोळे सुजलेली माणसं आली, आणि मग गोळ्या लागलेली. स्ट्रेचर संपले. लोक हातगाडीवर, दाराच्या फळीवर माणसं घालून आणू लागले. पायऱ्यांवर रक्त इतकं होतं की वॉर्डबॉय त्यावर राख टाकत होता. एका माणसाचा जबडा लाठीने निखळला होता. त्याचे दोन दात माझ्या हातातल्या ट्रेमध्ये पडले, आणि पुढचा सगळा वेळ मी ट्रे तिरका केला की ते इकडून तिकडे घरंगळत. मांडीत छर्रे घुसलेला एक कामगार जमिनीवर पडून ओरडत होता, "सिस्टर, मुंबई मिळाली काय?"

"आधी खाट मिळू दे तुला," सिस्टर त्याच्या मांडीवर गुडघा दाबून म्हणाल्या.

तो हसला आणि हसताहसताच बेशुद्ध झाला.

मावशींचा मुलगा दुपारी आला. बावीस-तेवीसचा असेल. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. छातीपाठीला मिळून सगळं लाल झालं होतं. सिस्टर म्हणाल्या, "सदरा कापू नकोस. यांच्याकडे एकच असतो. गुंड्या काढ." मी गुंड्या काढत असताना त्याने माझा एप्रन मुठीत धरला. श्वासाबरोबर त्याच्या तोंडातून फेस येत होता, गुलाबी. "घरी सांगू नका," एवढंच तो बोलला. सिस्टरनी पुढून आणि मागून कापसाची जाड गादी दाबून घट्ट पट्टा बांधला. तोही भिजला. डॉक्टर आले तोवर मुठीचा जोर गेला होता, तरी एप्रन सुटत नव्हता. सिस्टरनी त्याची बोटं एकेक करून उघडली. तसाच पट्टा बांधलेला तो शवागारात गेला. जखमा मी पाहिल्या नाहीत.

सदरा माझ्याकडे राहिला. कुणी मागितला नाही. मी तो मिठाच्या पाण्यात भिजवला. तीनदा पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी कपडेखोलीत बसून मी तो शिवला. निळा दोरा शोधून आणला. मागे-पुढे दोन्ही भोकं बुजवली. त्याची आई येईल, तिला तरी नीट काही हातात मिळावं, असं मनात होतं. इस्त्री करून मी तो कागदात बांधला.

मावशी आल्या त्या एका वकिलाला घेऊनच. मूळच्या मालवणकडच्या, काळाचौकीच्या चाळीत राहणाऱ्या. पोलिसांचं म्हणणं होतं की मुलगा दगड घेऊन समोरून चाल करून आला, म्हणून गोळी घालावी लागली. चौकशी व्हावी म्हणून हे वकील साक्षी गोळा करत होते. केसपेपर पोलीस घेऊन गेले होते. शवचिकित्सेचा कागद दाखवायला कुणी तयार नव्हतं. उरला होता सदरा.

वकिलांनी कागद सोडला, सदरा उजेडात धरला आणि खाली ठेवला. "हा कुणी धुतला?"

"मी."

"आणि शिवला?"

"मीच."

"बाई, आता यात काय बघायचं?" ते म्हणाले. "गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, सगळं बुजवून टाकलंत."

मावशींनी माझ्या थोबाडीत मारली. मी भिंतीला आपटले. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला तो सिस्टरनी धरला. "माझो झील भियाळू होतो गो!" त्या ओरडल्या. "तो कशाक दगड मारतलो? घराक धावत होतो तो! पाठीत मारल्यानी तेका, पाठीत! आणि तू शिवून टाकलंस!"

वकिलांनी मला विचारलं, लहान भोक कुठल्या बाजूला होतं ते सांगता येईल का. मला आठवेना. मी डाग पाहिले होते, दोऱ्याचा रंग पाहिला होता. भोकं पाहिली होती ती बुजवण्यापुरती.

चौकशी झालीच नाही. पुढे राज्य मिळालं. चाळीच्या मंडळाने गल्लीच्या तोंडाशी त्याचा फोटो लावला आणि खाली लिहिलं की याने छातीवर गोळी झेलली. मावशी त्यांच्याशीही भांडल्या. मंडळाचा कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलाचा मान वाढवतोय आम्ही, आणि तुम्ही त्याला पळपुटा म्हणताय?" त्यांनी त्याच्या अंगावर चप्पल भिरकावली. पोलीस आणि मंडळ यांचं एवढ्या एकाच गोष्टीत पटत होतं, की तो समोर तोंड करून उभा होता. नाही म्हणणारी त्याची आई तेवढी एकटी होती.

पहिल्या वर्षश्राद्धाला मी भीत भीत त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी मला दारातच उभं ठेवलं. दुसऱ्या वर्षी बस म्हणाल्या. पुढे दरवर्षी पेज आणि सुकटीची चटणी वाढू लागल्या. सदरा मात्र उशाखाली असे आणि त्याला मला हात लावू देत नसत. "तुझे हात नको," एवढंच म्हणत.

पन्नाशी ओलांडल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं. तोवर परिचर्येत पीएच.डी. करता येऊ लागली होती, आणि मी शिकवतही बरीच वर्षं होते. माझ्या मार्गदर्शक बाई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान होत्या. विषय घेतला होता जखमींच्या कपड्यांचा. परिचारिका ते कसे काढतात, कुठे ठेवतात, काय नोंदवतात. का घेतला ते बाईंना सांगितलं नव्हतं. मी विद्यार्थिनींना भोकाला धक्का न लावता कापड कसं कापावं, ओला कपडा न धुता कसा वाळवावा, कागदात वेगळा कसा बांधावा हे शिकवत होते. गोळी शिरते तिथे भोक बहुधा लहान असतं आणि निघते तिथे मोठं, फाटकं, हेही सांगत होते. हे सगळं मला कधीचं माहीत होतं.

दुसऱ्या प्रकरणात जुन्या पद्धतींची माहिती द्यायची होती. दादरच्या वाचनालयात बसून मी कपडेखोलीचे नियम आठवून लिहीत होते. करंगळी गेली नाही तर रफू, गेली तर ठिगळ. हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

मी दोन्ही भोकं सारखी बुजवली असणारच नाही. सिस्टरनी तोडून टाकलं असतं.

तिथून मी चालतच काळाचौकीला गेले. मावशींना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. त्या खाटेवर बसून तांदूळ चाचपत होत्या, खडा लागला की बाजूला काढत.

"मावशी, सदऱ्याला ठिगळ कुठे आहे?"

त्यांनी उशीकडे हातही नेला नाही. "छातीवर. चौकोनी आसा."

"आणि पाठीला?"

"पाठीक ठिगळ नाय. नुसते टाके. बारीक." त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. "कित्याक?"

मी त्यांना नियम सांगितला. करंगळीचा. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पाठीत."

"पाठीत."

"ता त्या वकिलाक कळूक नाय?"

"त्यांना शिवण येत नव्हतं, मावशी. मला येत होतं. मी बघायला हवं होतं."

मला वाटलं आता पुन्हा मारतील. त्यांनी ताट बाजूला सारलं, उशाखालून सदरा काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाठीवर माझे सतरा टाके होते, आडवे-उभे, अगदी सरळ. कापड त्या टाक्यांभोवती विरलं होतं, बोटं फिरून फिरून.

"मग लिव," त्या म्हणाल्या. "भियान पळत होतो, घराक येत होतो, असाच लिव. शूर-बीर काय लिवू नको."

मी लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी तो परिच्छेद लाल पेन्सिलीने खोडला. एकाच माणसावरून काही सिद्ध होत नाही, त्यातून मी त्यात गुंतलेली, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. मी परिच्छेद काढला. प्रबंधात उरला तो फक्त करंगळीचा नियम, कुणासाठी ते न सांगता. पदवी मिळाल्यावर मावशींनी विचारलं, "लिवलंस मा?" मी हो म्हटलं. त्यांनी त्या दिवशी मंडळाच्या कार्यकर्त्याला बोलावून ऐकवलं, की बघ, डॉक्टरीणबाईंनी पुस्तकात लिहिलंय.

हे खोटं मी सात वर्षं निभावलं. शेवटच्या आठवड्यात त्यांना पाठीला फोड आले होते. मी त्यांना कुशीवर वळवून पुसत असे. अशाच एकदा त्या म्हणाल्या, "माका वाचून दाखव एकदा, काय लिवलंस ता." मी म्हटलं, उद्या आणते. दुसऱ्या दिवशी त्या ऐकण्याच्या पलीकडे गेल्या होत्या.

म्हणून आज लिहिते आहे, मावशी. तो दगड घेऊन धावून आला नव्हता. त्याने छातीवर काही झेललं नव्हतं. तो भ्यायलेला होता आणि घरी येत होता, आणि त्याला पाठीत गोळी घातली. पाठीवर रफू आहे, पुढे ठिगळ. ते मी केलं आहे.